कॅलेंडरावरच्या तीन फुल्या

आर्वीच्या बसस्टँडवर ज्योत्स्ना वर्ध्याच्या गाडीची वाट पाहत होती. शेजारच्या बाकावर सासू-सून मोबाइल समोर धरून बसल्या होत्या. गावात रेंज नाही, म्हणून मिरगीच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायला इथवर आल्या होत्या.

“पौर्णिमा, मागच्या महिन्यात फिट आली का?”

“नाई डॉक्टर, एकबी नाई.”

“थांबा डॉक्टरबाई, मी सासू बोलतो. तीनदा आली. कॅलेंडरचं पानच आणलं फाडून. ह्या पाहा फुल्या.”

“आई!”

“गप राह्य. तिन्ही खेपेले कुशीवर वळवलं, तुम्ही सांगतलं तसं. चप्पल नाई हुंगवली.”

“छान केलंत. पौर्णिमा, लपवलंस का गं?”

“फिट नाई म्हटलं तं तुम्ही गोळ्या बंद करसान, मंग लेकरू होऊ देता येईन. गोळ्यांनं लेकरू अधू होते म्हणतात बाया.”

“गोळ्या चालू असतानाही मूल होऊ देता येतं. फक्त आधी मला सांगायचं. कोणती गोळी, किती, ते मी बघते. मनानं बंद करायची नाही. कळलं?”

“हो, डॉक्टर.”

फोन बंद झाला. वर्ध्याची गाडी लागली, पण ज्योत्स्ना उठली नाही.

“आई, मले वाटलं, तुम्ही नातवासाठी उपास धरून राह्यल्या. त्याच्याच फुल्या हायेत.”

“उपास? मले घंटाभर भूक सहन होत नाई वं. चाल, आलुबोंडा खाऊ. तुही गोळी उपाशीपोटी चालत नाई.”