बिजागरी कुठल्या बाजूला

—हो, पण कुठून बघून? बिजागरी डावीकडे की उजवीकडे हे विचारण्याआधी, मिस्त्री, माणसानं उभं कुठं राहायचं ते ठरवावं लागतं. बसा. त्या स्टुलावर नको, त्यावर लेझर आहे—ह्या इथं. आता असं बघा, प्रकाश नुसता सरळ जात नाही, जाता जाता स्वतःभोवती गिरकीही घेतो—म्हणजे घेऊ शकतो, सगळाच घेत नाही—आणि गिरकी खरी बरं का, वाटेत बारीकसा कण आला तर त्यालाही फिरवते. तुमच्या हातातला स्क्रू घ्या. पिळत पुढे जातो—उजवा. इकडून बघा, तिकडून बघा, उजवाच. प्रकाशाचंही तेच. गिरकीचा आणि जाण्याच्या दिशेचा मेळ कसा, त्यावर तो डावा की उजवा. काही औषधांच्या रेणूंनाही असा डावा-उजवा हात असतो, त्यांना एक प्रकाश जास्त मानवतो, दुसरा कमी. यात भांडायचं काय? काहीच नाही.

भांडण नावावरून. मी म्हणतो, प्रकाश अंगावर येताना समोरून बघा, घड्याळाच्या काट्यासारखा फिरला तर उजवा म्हणा. पलीकडच्या मॅडम म्हणतात, दिव्यामागे उभं राहून बघा. म्हणजे माझा उजवा तो त्यांचा डावा. दोघांचं मिळून पुस्तक होतं, पहिल्याच पानावर अडलं. मी म्हटलं, तुझं म्हणणं तळटिपेत घालू. तर ही म्हणाली, तूच जाऊन बस तळटिपेत—ही म्हणजे मॅडमच हो, माझी बायको, त्यात बघण्यासारखं काय आहे?—मग मी आमच्या दोन प्रयोगशाळांमधल्या या वाटेत कपाट सरकवलं. एकट्यानं. घरी? घरी बोलतो की. मीठ संपलंय वगैरे. माझा राग कधीच गेला, पण कपाट जड आहे, म्हणून राहिलं. आता वरून हुकूम आला, आग लागली तर पळायला वाट हवी, दार बसवा. बसवा बापडे. बिजागरी उजवीकडे, आणि कडी माझ्या बाजूनं.

काय? मॅडमना विचारून आलात? मग? डावीकडे. बघा, हे असं असतं, मी उजवीकडे म्हणणार हे माहीत असतं, म्हणून मुद्दाम—थांबा. तुम्ही विचारलंत तेव्हा त्या तिकडेच उभ्या होत्या ना? तिकडून डावीकडे, म्हणजे इकडून…

हं.

आणि कडीचं काय म्हणाल्या?

नकोच म्हणाल्या?

उठा, ते दार नंतर. आधी या कपाटाला जरा हात लावा. एकट्यानं हलत नाही ते आता.