धारची आमटी, देवासची आमटी

माझं माहेर धारचं. आजोबा तिथल्या दरबाराच्या मुदपाकखान्यात होते, म्हणजे राजवाड्याच्या स्वयंपाकघरात, आचारी नव्हेत हं, आचाऱ्याच्या हाताखाली मसाला वाटायला, पण आमच्या घरात सांगायची पद्धत अशी की जणू सगळा दरबार आजोबांच्या आमटीवरच चालला होता. आणि आमचे हे देवासचे, ह्यांचे आजोबा तिकडच्या दरबारात, ते पाणी भरायला होते असं माझं म्हणणं, हे म्हणायचे खासे आचारी होते, आता दोघेही आजोबा वर गेले, खरं-खोटं करणार कोण. पुढे दरबार गेले, वाड्यातल्या चुली विझल्या, आणि दोन्ही घरच्या माणसांनी लग्नाकार्याची जेवणं करायला घेतली. अशाच एका लग्नात धारचे हात कमी पडले म्हणून देवासहून माणसं बोलावली, त्यांत हे होते. मी पुऱ्या लाटत होते. हे माझ्या बाबांच्या पातेल्याशी आले, पळी बुडवली, चाखली आणि म्हणाले, मामा, ही आमटी आहे का पन्हं आहे? काय सांगू तुम्हाला, भरल्या मांडवात! बाबांच्या आधी मीच उठले, कणकेच्या हातांनी, म्हटलं देवासला गूळ मिळत नसेल तर इथून बांधून देते, घेऊन जा.

बस, तिथून सुरू झालं ते. बाबा म्हणाले, एवढ्या तोंडाच्या मुलीला एवढ्याच तोंडाचा नवरा पाहिजे, नाहीतर समोरचा बिचारा मरेल, आणि दिली मला देवासला.

तुम्हाला सांगते ताई, झगडा काय होता तो. आमची धारची आमटी चिंच-गुळाची. ह्यांच्याकडे आमसूल, वरून लाल मिरचीची झणझणीत फोडणी, आणि गूळ म्हणाल तर नावाला नाही. हे म्हणायचे डाळीत गूळ घालणं म्हणजे डाळीचा अपमान, आणि मी म्हणायची गूळ नाही म्हणून तर तुमच्या घरात सगळ्यांची तोंडं अशी. सासूबाई होत्या तोवर मी गपचूप बिनगुळाची करत होते आणि स्वतःच्या वाटीत चोरून खडा टाकत होते. त्यांना ठाऊक होतं, बोलल्या कधी नाहीत, बाई चांगली होती.

मग पीथमपूरला कारखाने वाढले, तिथल्या एका कारखान्यात कॅन्टीन चालवायचं काम मिळालं, कारखान्याचं नाव सांगत नाही, काय करायचंय नावाला. हे खूश, मीही खूश, ना धार ना देवास, भांडायला मोकळं मैदान. खोली तिथेच घेतली. मदतीला ताराबाई, ही गंधवानीकडची, माझ्याच वयाची, पोळ्या अशा करायची की बघत राहावं. पहिल्याच दिवशी डाळीवरून जुंपली. ह्यांनी पातेलं चढवलं, मी गूळ टाकायला गेले, ह्यांनी हात धरला, मी म्हटलं सोडा, हे म्हणाले नाही सोडत, आणि तिकडे जेवणाची सुटी झाली, भोंगा वाजला, सगळी शिफ्ट थाळ्या घेऊन उभी आणि आम्ही आपले गुळाच्या ढेपेला धरून उभे. ताराबाईनं काय केलं, दुसरं पातेलं चढवलं. म्हणाली, थे थारी बणाओ, वी वणकी बणावेगा, लोगां के तो जीमवा दो. म्हणजे तू तुझी कर, ते त्यांची करतील, लोकांना जेवू तर द्या.

झालं, दोन पातेली कायमची झाली. भैया की दाल आणि भाभी की दाल. लाइनी दोन. एकाच खात्यातली माणसं, पण तिखट लाइनीतला गोड लाइनीत गेला की पोरं ओरडायची, अरे ये तो दल बदल के आया! सुपरवायझर लोक म्हणायचे, भाभी, आज कौन जीता? आम्ही आपले दोन भट्ट्यांवरून एकमेकांना बोलत असायचो, हे म्हणायचे धारच्या लोकांना मुंग्यांनी वाढवलंय, मी म्हणायची देवासच्या लोकांना मिरच्यांनी. मॅनेजर साहेब एकदा आले, म्हणाले एक किचन में एक दाल बनेगी, आणि दुसऱ्या दिवशी एकच केली तर अर्धी शिफ्ट थाळ्या वाजवत बसली. साहेबांनी डोक्याला हात लावला आणि गेले.

आणि अबोला धरला की विचारू नका. मग सगळं ताराबाईमार्फत. ताराबाई, त्यांना सांग हिंग संपला. ताराबाई, हिला सांग समोरच ठेवलाय. माझ्यापासून हातभरावर उभे हं! एकदा बाहेरून मोठे पाहुणे यायचे होते, आणि आमचा नेमका अबोला, ताराबाई गावी गेलेली. शिरा करायला सांगितला होता. ह्यांनी केला. मीही केला. आणि भात मात्र ह्यांना वाटलं मी टाकला, मला वाटलं ह्यांनी. पाहुणे बसले जेवायला तर पानात दोन-दोन शिरे, दोन-दोन डाळी, आणि भाताचा पत्ता नाही. एक पाहुणे म्हणाले, आजकल का नया मेन्यू है क्या? पूर्ण कारखाना तेवढ्यावर कितीतरी दिवस हसला. मीसुद्धा हसले, घरी जाऊन, तोंडाला पदर लावून, आणि बघते तर हे पलीकडे भिंतीकडे तोंड करून हलतायत, हेही हसतायत. अबोला तिथंच मोडला.

असे दिवस गेले. एक मुलगा झाला, शिकला, तो बडोद्याला नोकरीला. हिंदी शाळेत शिकला म्हणून मराठी वाचताना अडखळतो, बोलतो मात्र छान. तो म्हणायचा, आई, तुम्ही दोघं भांडायचं थांबलात तर मी पहिल्या गाडीनं येईन, समजेन काहीतरी झालंय. मजाकमध्ये म्हणायचा.

आता ते सांगते. मागच्या थंडीतली गोष्ट. सकाळी डाळ शिजली होती, मी आपल्या पातेल्यात गूळ टाकत होते, आणि सवयीनं म्हटलं, टाकू का तुमच्यातही थोडा, माणसात याल. रोजचं बोलणं ते. हे म्हणाले, टाक. मी थांबले. म्हटलं काय म्हणालात? म्हणाले, टाक ना, गूळ हवाच आमटीत. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं मी जिंकले. एवढी वर्षं झगडले आणि आज जिंकले. मी भावाला फोन केला धारला, अरे तुझे भावजी गूळ घाल म्हणाले! तो म्हणाला, अक्का, पेढे वाट.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी स्वतःच टाकला, न सांगता. तिखट लाइनीतली माणसं ओरडायला लागली, भैया, ये तो भाभी वाली है. आणि हे त्यांच्याकडे बघत राहिले, म्हणाले, हमारे यहां तो हमेशा से ऐसी ही बनती है. मस्करी नव्हती ताई. मी ह्यांचं तोंड ओळखते, मस्करी करताना डावी भुवई चढते, ती चढली नव्हती. मी मोठ्यांदा म्हटलं, मीच टाकला गूळ त्यांच्या पातेल्यात, त्यांची खोड मोडायला! सगळे हसले. भाभी, आप भी! म्हणाले आणि जेवायला बसले.

तेव्हापासून माझं तेच काम झालं. ह्यांनी मीठ दोनदा टाकलं की मी ओरडायची, ह्यांनीच मला सांगितलं नाही म्हणून मीही टाकलं. भात राहिला की म्हणायची, अबोला आहे आमचा. आमचं नाव एवढं झालेलं की कोणालाही खरं वाटायचं. मधे ह्यांना इंदूरला दाखवून आणलं, डॉक्टरांनी सांगितलं, विसरायचा आजार आहे, वाढत जाणार, औषधानं थोडा हळू जाईल एवढंच. पण काम सुटलं तर हे खोलीत बसून काय करणार? हातात पळी होती तोवर हे होते, फोडणी टाकताना हात बरोबर चालायचा, मोहरी तडतडली की चेहरा उजळायचा. ते मला जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून मी भांडत राहिले. पण भांडायला दुसरा लागतो ना. मी बोलायची, मग ह्यांच्या उत्तराची जागा रिकामी राहायची, मग तेही मीच बोलायची, काय म्हणता, धारच्या लोकांना मुंग्यांनी वाढवलं? बोला, बोला अजून! आणि हे आपले कांदा चिरत. लोक हसायचे. ताराबाई हसायची नाही. एक दिवस भांडी घासता घासता म्हणाली, भाभी, एकली कद तक लड़ोगा? एकटी कधीपर्यंत भांडणार, असं. मी म्हटलं, जमेल तितकं.

फार नाही जमलं. एका दुपारी ह्यांनी भट्टीचा कॉक फिरवला, गॅस सोडला, आणि काडेपेटी आणतो म्हणून जे गेले ते आलेच नाहीत. वासानं ताराबाई धावली, तिनंच बंद केला, दारं उघडली, सगळ्यांना बाहेर काढलं. कोणाला काही झालं नाही, देवाची कृपा. पण हे कुठे? कारखाना पालथा घातला. शेवटी शिफ्टच्या बसवाल्याचा फोन आला, भाभी, भैया मेरी गाड़ी में बैठे थे, बोले घर जा रहा हूं, धार उतर गए. धार! ह्यांचं घर देवास, जन्मभर धारच्या नावानं बोटं मोडलेला माणूस!

मी मिळेल त्या गाडीनं निघाले. माहेरच्या दारात पोचले तर आतून भावाचा हसण्याचा आवाज. बघते तर हे पाटावर बसलेले, पुढ्यात ताट, आणि वाटी तोंडाला लावून आमटी पितायत. भाऊ म्हणाला, अक्का, भावजी हरले गं! तिसरी वाटी आहे, म्हणतात घरची आमटी ती घरची आमटी! त्याला बिचाऱ्याला काय माहीत, मी कोणाला सांगितलंच नव्हतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, हसले, भावाला म्हणाले, ह्यांनाही वाढा, लांबून आलेल्या दिसतात.

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. भाऊ हसायचा थांबला. मी रडले ताई, लहान पोरीसारखी रडले, आणि हे उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आले.

कॅन्टीन गेलं. मॅनेजर साहेब चांगलं बोलले, पण गॅसची गोष्ट, त्यांचं काय चुकलं. शेवटच्या दिवशी सगळी शिफ्ट आली भेटायला. एक जण म्हणाला, भाभी, आप दोनों की लड़ाई बहुत याद आएगी. मला म्हणावंसं वाटलं, मला येते तेवढी नाही येणार तुला.

आता इथे देवासला आणलंय ह्यांना, ह्यांच्या गावात. मुलगा बडोद्याला बोलावतो, पण मी म्हटलं, नाही, इथे गल्ली ओळखीची, टेकडीवरची देवी दिसते दारातून, कदाचित काही आठवेल. नाही आठवत. रोज विचारतात, आपण धारला केव्हा जायचं, आई वाट बघत असेल. मी म्हणते, अहो, तुम्ही देवासचे. तुमचे आजोबा इथल्या दरबारात खासे आचारी होते. हो, मी म्हणते हे, माझ्या तोंडानं, काय करणार. आमसुलाची आमटी करते, लाल मिरचीची फोडणी देते, पुढ्यात ठेवते, म्हणते बघा, डाळीत गूळ म्हणजे डाळीचा अपमान, तुम्हीच म्हणायचात. हे एक घास खातात, वाटी सरकवतात, म्हणतात यात गूळ नाही. मी म्हणते, नसतोच! भांडा ना माझ्याशी! आणि हे माझ्या हातावर हात ठेवतात, म्हणतात, चिडू नका बाई, तुम्ही म्हणाल तसं.

तुम्ही म्हणाल तसं. हे ऐकायला मी जन्मभर झुरले, आणि आता हे म्हणाले की घर खायला उठतं.

असो. तुम्ही इतक्या लांबून आलात, सगळं ऐकून घेतलंत, देव तुमचं भलं करो, तुमच्या घरात शेवटपर्यंत दोघांचे आवाज राहोत, एवढंच मागते. आता जेवल्याशिवाय जायचं नाही. रोजच्यासारख्या दोन्ही आमट्या केल्यात मी, त्यांचीही आणि माझीही. कोणती वाढू ते सांगा. आणि जरा मोठ्यांदा सांगा, बाहेर ओट्यावर बसलेत ते, त्यांना ऐकू जाऊ दे.