आत्याची वाकडी करंगळी

आत्या : मग वगळ ना मला! आधीच सांगत होते, माझं रक्त घेऊ नकोस. सगळ्या घराण्याचं जुळतंय आणि मी एकटी तुमच्या प्रयोगशाळेत खोडा घालतेय.

भाची : अगं, ऐकून तर घे.

आत्या : काय ऐकायचं? ज्याची करंगळी वाकडी, त्याचे डोळे जाणार. आमच्या बाबांचे गेले. तुझ्या बाबाचे चाळिशीत गेले. आणि ही बघ माझी, कशी कोयत्यासारखी!

भाची : तू छप्पन्न वर्षांची आहेस. परवा गच्चीवरून एका माणसाच्या शर्टाचं तुटलेलं बटण दाखवलंस मला.

आत्या : उशीर होतोय, इतकंच. माझी तयारी आहे. डोळे मिटून भाजी चिरते, सुई ओवते, जिना उतरते.

भाची : उतरताना दोनदा खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींच्या अंगावर पडलीस!

आत्या : एकदाच. दुसऱ्यांदा ते माझ्या अंगावर पडले.

भाची : आत्या, आजाराचा तो जीन सापडला. तुझ्यामुळे.

आत्या : काहीतरीच!

भाची : ही तुझी मण्यांची माळ धर. आईवडिलांचे गुण असे ओवलेले येतात. शेजारचे मणी सहसा बरोबरच. हा निळा म्हणजे करंगळी. आजाराचा मणी याच्या जवळपास आहे हे माहीत होतं, पण अलीकडे की पलीकडे, तेच कळेना.

आत्या : बरं, मग?

भाची : आजोबांकडे असे दोन दोरे होते, एक आजाराचा, एक चांगला. पुढच्या पिढीला देताना दोरा कधीकधी मधेच तुटून दुसऱ्याला जोडला जातो. तुझा नेमका निळ्याच्या पलीकडे तुटला! करंगळी आली, पण पुढचा तुकडा चांगल्या दोऱ्याचा. म्हणजे आजार पलीकडेच असणार. तिथे शोधलं, सापडला.

आत्या : आणि माझ्यात?

भाची : नाही. दोनदा तपासलं. तुझे डोळे या आजाराने जाणार नाहीत.

आत्या : थांब जरा. मला रडू येतंय. छे गं, हसू येतंय! जन्मभर या टीचभर बोटाला घाबरले मी? दादाला सांगितलंस?

भाची : सकाळीच. म्हणाले, आधी तिला सांग. माझे नुसते डोळे गेलेत, ती तर तीस वर्षं आंधळी होऊन बसलीय.

(दारावर टकटक.)

घड्याळजी : येऊ का? तुमचं गजराचं घड्याळ झालंय दुरुस्त.

आत्या : बरं झालं आलात. विचारा.

घड्याळजी : काय विचारू?

आत्या : दर वर्षी विचारता तेच.

घड्याळजी : उत्तर पाठ आहे मला. मी आंधळी होणार, तुमच्या गळ्यात धोंड नको.

आत्या : ते विसरा आता. विचारा हो, पोरीसमोर लाजता काय!

घड्याळजी : लग्न कराल माझ्याशी?

आत्या : करीन. आणि तो परवाचा निळा शर्ट इकडे पाठवून द्या. बटण लावून देते, डोळे उघडे ठेवून.