गुंजेचं औषध अजून झालेलं नाही

आपण सगळे ऑफिसं टाकून, क्लास बुडवून नलिनी मॅडमच्या शोकसभेला आलात. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी हो म्हणून बसले, आणि आता माइक सोडून पळावंसं वाटतंय. रडू येतंय म्हणून नाही. रडू काल येऊन गेलं. मला भीती वाटतेय. कशाची, तेच सांगायला उभी राहिलेय. मध्ये कुठे भरकटले तर कुणीतरी खोका. मॅडम खोकायच्या.

मी रेवती. एवढ्या शिकलेल्या माणसांत ही कोण, असं बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर दिसतंय. मी कुरिअरवाली. बी.कॉम. अर्धं सोडलं, कॉम्प्युटरचा कोर्स अर्धा सोडला. मग एका कंपनीत अमेरिकेतल्या लोकांशी फोनवर बोलायचे, तिथे माझं नाव रीटा होतं. ती रीटाही सोडली. मग स्कूटरवर पाकिटं पोचवायला लागले. असंच एक पाकीट द्यायला मॅडमच्या लॅबमध्ये गेले, तर टेबलावर बरणी आणि बरणीत गुंजा. लालभडक, काळ्या टिपक्याच्या. सोनार पूर्वी सोनं तोलायचे, त्याच. मी बरणी उचलली आणि मॅडम ओरडल्या, "ठेव खाली! एखादी चावलीस तर जिवाशी येईल."

मी म्हटलं, "मग तुम्ही कशाला ठेवल्यात?"

"कॅन्सर मारायला. बस खाली."

त्या दिवशी बसले ती बसलेच. पुढे घाटाखालच्या कुंपणांवरून मीच त्यांना शेंगा आणून द्यायचे. एकदा शेंगा शोधता शोधता एका शेतात लग्नाची पंगत बसलेली, मला वाटलं... बरं. खोकला ऐकू आला. थँक्यू, सर.

तर मॅडमनी मला सगळं माझ्या भाषेत समजावलं. म्हणाल्या, "तू पाकिटं पोचवतेस ना? तसंच आहे. गुंजेतल्या विषाचे दोन भाग. एक दार उघडून घेतो, दुसरा आत शिरून पेशीचं कामकाजच बंद पाडतो. पहिला अगदी बेअक्कल. कुणाचंही दार वाजवतो. त्याला कामावरून काढायचं आणि त्याच्या जागी असा ठेवायचा, ज्याला फक्त कॅन्सरच्या पेशीचा पत्ता माहीत आहे."

"आणि पत्ता चुकला तर?"

"चुकतोच. चांगल्या पेशीच्या दारावरही कधी कधी तीच पाटी असते. म्हणून तर मी अजून काचेच्या बशीत आणि उंदरांत अडकलेय. माणसाला द्यायचं धाडस नाही माझ्यात."

ऐकलंत? धाडस नाही, म्हणाल्या. आणि आज याच माइकवरून काय सांगितलं गेलं? मॅडमनी गुंजेतून कॅन्सरचं औषध शोधलं. अहो, नाही शोधलं! शोधत होत्या. शोधलं आणि शोधत होत्या, या दोन्हींच्या मध्ये माणूस मरू शकतो. मॅडम इथे असत्या तर त्यांनी खालूनच आपला सगळ्यांचा पाणउतारा केला असता.

मी हे का बोलतेय? माझी आत्या इथे बसलीये. तिथे, खांबापाशी, हिरव्या साडीत. तिला स्तनाचा कॅन्सर आहे. हे सगळ्यांपुढे सांगू का, असं मी तिला विचारलेलं नाही. आत्या, घरी गेल्यावर काय ते बोल.

तिचा मुलगा सागर अमेरिकेत कॉम्प्युटरमध्ये आहे. त्यानं तिला एक मेल पाठवला. त्याला कुणीतरी पाठवला होता, त्या कुणाला आणखी कुणी. पुण्यातल्या बाईंनी गुंजेतून कॅन्सरवर उपाय शोधला म्हणे. आत्यानं बिबवेवाडीतल्या सायबर कॅफेतल्या पोराकडून तो वाचून घेतला आणि केमोचं सलाइन घेणं थांबवलं. मला म्हणाली, "रेवे, तू आणतेस ना त्या? मला दे." मी घाबरले आणि तिला उचलून मॅडमसमोर नेऊन बसवलं.

"मॅडम, मला तुमचं औषध द्या."

"औषध नाही हो ते, विष आहे."

"मग सलाइनमध्ये काय अमृत घालतात?"

मॅडम हसल्या. "नाही, तेही विषच. त्यातलं एक तर आपल्या सदाफुलीतून निघालंय. पण ते कुणाला द्यायचं, किती द्यायचं, कुठे थांबायचं, ते माहीत झालंय. गुंजेचं नाही झालं. आणि हिच्यावर उतारा नाही. खाल्ल्या खाल्ल्या काही होतही नाही. माणसाला वाटतं, पचलं. मग सुरू होतं."

"तुमचं कधी होणार तयार?"

"माझ्या हयातीत बहुतेक नाही."

आत्या पिशवी घेऊन उठली. मग म्हणाली, "बरं. तुम्ही नाही म्हणताय तोवर नाही खात. तोवर सलाइन घेते."

आणि मॅडम गेल्या. चालता-बोलता हार्ट अटॅक. आज इथे येताना रिक्षात आत्या एवढंच म्हणाली, "नाही म्हणणारी गेली गं." बास. तेव्हापासून माझं लक्ष तिच्या हातांकडे आहे.

त्यात इथे दारातच ताट. फोटोला फूल वाहायच्या ऐवजी प्रत्येकाच्या हातात एकेक गुंज. ज्यांनी केलं त्यांनी प्रेमानं केलं, कळतंय मला. अख्खी बी नुसती हातात धरल्यानं काही होत नाही, हेही खरं. पण मी वर उभी आहे. मला दिसतंय, कुणी वाहिली आणि कुणी आठवण म्हणून खिशात टाकली. ती आठवण घरी जाईल. घरात लहान मूल असेल. उद्या कुणाला गाठ निघेल, आणि आज ऐकलेलं आठवेल.

आत्यानं तिची बी रुमालात बांधलीये.

आत्या, सोड ती गाठ. काय? मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही. ती विचारतेय, आता नाही कोण म्हणणार?

मी म्हणते. नाही.

हसतेय बघा. म्हणतेय, तू? तू तर परवा मनालीला निघालीस. हो, निघाले होते. नाही जात. मला यातलं शास्त्र येत नाही आणि मी आजवर एकही गोष्ट पुरी केलेली नाही, हे तिला सगळ्यात जास्त माहीत आहे. तरी नाही. पुढच्या सलाइनला मी शेजारी बसेन, त्याच्या पुढच्यालाही. तू चिडलीस तरी नाहीच म्हणेन.

आता मॅडमसाठी उभं राहू या. त्याआधी एक करा. ते स्टीलचं ताट रांगेतून फिरेल. खिशातली, पर्समधली, मुठीतली बी त्यात टाका. टण्‌ टण्‌ आवाज होईल, होऊ दे. शेवटची बी पडली की तिथून मौन सुरू.

आत्या, मी तुझी बी पडायची वाट बघतेय.