मागची जाड दांडी

मिस्त्रीच्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची गोष्ट. मिस्त्री गाडीखाली उताणा पडला होता. वर गिऱ्हाईक आणि त्याची सासू उभे होते. त्याची बायको पलीकडच्या दुकानात गाडीसाठी दांडी निवडत होती.

“जावईबापू, ही दांडी कशाला?”

“वळणावर गाडी कलू नये म्हणून. या गाडीला पुढची चाकं ओढतात, त्यामुळे वळताना नाक सरळ पळतं. मागे जाड दांडी लावली की मुकाट वळते. मग तुम्हाला मळमळणार नाही, असं तुमची लेक म्हणते.”

“म्हणजे दर रविवारी मला तुमच्याकडे जेवायला नेणार?”

“न्यावंच लागेल.”

“बारीक दांडी नाही मिळत?”

“मिळते. पण आई, तुमची मळमळ?”

“कसली मळमळ? लेकीचा अळणी स्वयंपाक चुकवायला रुमाल तोंडाला लावते मी.”

“आणि मी तुम्ही येऊ नये म्हणून वळणं जोरात घेतो.”

“तरीच. मिस्त्री, बारीकच बसवा हो. तिला जाड म्हणून सांगा.”

“मला खाली काही ऐकू येत नाही, मावशी.”

“मला येतं,” मागून लेक म्हणाली. “सगळ्यात जाड आणलीय. मिस्त्री, बसवा. मी इथेच उभी आहे.”

दांडी बसली. सासूबाई दर रविवारी आल्या आणि जेवल्या. पुढे जावई त्यांच्या ताटात गुपचूप मीठ वाढू लागला.

मिस्त्रीची जुळी नातवंडं कॉलेजात गेली, त्या वर्षी एका रविवारी, जेवणाच्या आधी, सासूबाई वारल्या.