धड्यात नसलेलं दुखणं

भातकुलीहून अमरावतीला निघालेल्या एसटीत पौर्णिमाच्या मागच्या सीटवर मायलेकी बसल्या होत्या. लेकीला जर्मनीत नर्स व्हायचं होतं. जर्मन भाषेची तोंडी परीक्षा तासाभरावर आलेली, त्यामुळे तिचा जीव टांगणीला लागला होता.

“माय, तू पेशंट हो. तू सांगशीन ते मी या अ‍ॅपले जर्मनमधी सांगतो. कुठं दुखते?”

“छातीत.”

“पोटात म्हन. धड्यात पोट हाय.”

“बरं, पोटात.”

“कवापासून?”

“सकाळपासून. आता डावा हातही जड पडला.”

“हाताचं काहून काढलं? थे धड्यात नाही. नीट नाटक कर नं.”

“मले नाटक कुठं येते, दीक्षा?”

मागं मोबाइल एकटाच जर्मन बोलत राहिला. पौर्णिमानं उठून घंटीची दोरी ओढली.