दीड फूट खाली

इर्मा: थुंकी लावू नकोस त्या चिंधीला! तौनो, हात थांबव.

तौनो: आता काय झालं? चिंधी ओली केल्याशिवाय नळी पुसायची कशी?

इर्मा: पारा शून्याखाली आहे. तुझी थुंकी नळीत जाऊन बर्फ होणार, पुढची गोळी अर्ध्यात अडकणार, आणि मग तू मान हलवत म्हणणार, बघ ताई, थंडीत ही बंदूक चालतच नाही. साठीला आलास. बाबांनी पहिल्या दिवशी शिकवलेलं विसरलास?

तौनो: सवयीनं लावत होतो गं.

इर्मा: सवयीनं! गाडीची काच पुसायचं निळं पाणी तुझ्या खिशात आहे. बाटलीचं बूच दिसतंय मला इथून. गोठत नाही म्हणून थंडीत तू कायम तेच लावतोस. काढ ते. आर्विद काका, बघितलंत ना?

आर्विद: बघितलं.

तौनो: काकांना कशाला मध्ये घेतेस?

इर्मा: कारण तुझ्या शब्दावर माझा विश्वास उरलेला नाही. नेमबाजी क्लबची ही खडीची खाण ते सांभाळतात, दुर्बीण त्यांची, आणि पन्नास वर्षं ते लोकांना सांगत आलेत, तुमची गोळी कुठं लागली ते. आज ते सांगतील तेच खरं. कबूल आहे की नाही?

तौनो: कबूल. कबूल आहे म्हणून तर आलोय इतक्या थंडीत.

आर्विद: मग काय तपासायचंय ते दोघांनी माझ्यासमोर बोला. नंतर वाद नको.

इर्मा: मी सांगते. गुरुवारी माझा कुत्रा मेला. रेकू. पहिलं रक्त तळ्याच्या काठाला, ह्याच्या मचाणापासून दोनशे यार्डांवर. खांद्यात गोळी होती. जनावरांच्या डॉक्टरणीकडून मी ती काढून घेतली. ठासणीच्या बंदुकीची गोळी, आणि बुडाला चीर. तसली चीर ह्या अख्ख्या तालुक्यात गोळ्या ओतायच्या एकाच साच्यात पडते. बाबांच्या. आणि तो साचा ह्याच्या शेडमध्ये आहे.

तौनो: त्या साच्यातल्या गोळ्या मी अर्ध्या गावाला वाटल्यात! ओनीला डबाभर दिल्या. तुलासुद्धा दिल्यात.

इर्मा: हो, मीच मारला असेल मग!

तौनो: असं कुठं म्हणतोय मी? काका, माझं म्हणणं एवढंच आहे. गुरुवारी अशीच थंडी होती. असल्या थंडीत दोनशे यार्डांवर ही बंदूक कोठाराच्या भिंतीला लागत नाही, कुत्र्याचं सोडा. बंदुकीची दारू गारठते, गोळीला लावलेली चरबी दगड होते, एक बार इकडं जातो नि दुसरा तिकडं. म्हणून ती गोळी माझी नव्हे. मी त्या दिवशी बार काढलाच नाही.

इर्मा: आणि शनिवारी बारमध्ये बसून कोण सांगत असतं? दोनशे यार्डांवर कॉफीचा डबा, वारा असला तरी, एका बारात! तीस वर्षं ऐकतेय मी. लोक पाठ म्हणून दाखवतात तुझं.

तौनो: ते उन्हाळ्यातलं.

इर्मा: उन्हाळ्यातलं. बरं. निशाणाची फळी मोजून दोनशे यार्डांवर लावलीय. दारू मी मोजणार. नव्वद ग्रेन, तू घालतोस तेवढीच. गोळी तुझ्या डब्यातली. बंदूक रात्रभर तुझ्या पडवीत बाहेर होती, गाडीत शेकली नाही. अजून काही खोट काढायची असली तर आत्ताच काढ.

तौनो: कर तू बार काढायची तयारी. उगाच बोलून तोंड गोठवू नकोस.

आर्विद: माझ्यामागं उभी राहा, इर्मा. हं. तौनो, तुझ्या मनानं.

तौनो: हा घ्या.

आर्विद: फळीला नाही. डावीकडं, खडीत. चांगली दहा फूट.

तौनो: बघितलंस? काय सांगत होतो!

इर्मा: ठास परत. गज पूर्ण आत जाऊ दे. गजावरची खूण नळीच्या तोंडाशी आली पाहिजे. आली. बार पेटवायची तांब्याची टोपी लाव.

आर्विद: हं... ही उजवीकडं. बर्फात गेली.

तौनो: एक डावीकडं, एक उजवीकडं. काका, आता तुम्हीच सांगा. ह्या बंदुकीनं कुणी कुत्रा मारेल? मारायचा म्हटला तरी मारता येईल?

आर्विद: गाल उचललास तू.

तौनो: काय?

आर्विद: दोन्ही वेळा. बार व्हायच्या आधी गाल दस्त्यावरून उचललास. कधी उचलत नाहीस.

इर्मा: लाज वाटत नाही तुला? सबंध जिल्ह्यात बक्षिसं घेत फिरलास, आणि आज भावानं बहिणीसमोर मुद्दाम नेम चुकवायचा! आण ती बंदूक इकडं.

तौनो: बोटं गारठलीत माझी. थंडी आहे.

इर्मा: माझीही गारठलीत. आण म्हणते ना!

तौनो: तू दहा वर्षांत लांबचा बार काढलेला नाहीस.

इर्मा: मग भीती कसली तुला? फळी कोरी राहील, तू जिंकशील. काका, सरका जरा, टेकायला वाळूची पिशवी मधे हवी मला. नेमाची माशी कुठं बसवायची? काळ्या ठिपक्याच्या मधोमध?

आर्विद: मधोमध. वारा नाही.

इर्मा: जुलैत ह्याच खुणेवर ही मधोमध लागते ना? दोनशेला?

आर्विद: लागते. मीच बघितलंय. ह्या जुलैतसुद्धा.

इर्मा: बाजूला हो तौनो. सावली पडतेय तुझी.

आर्विद: ...फळीवर.

तौनो: फळीवर? कुठं?

आर्विद: ठिपक्याच्या सरळ खाली. दीड फूट. डावं नाही, उजवं नाही.

तौनो: दीड फूट! म्हणजे चुकलीच की. कुत्र्याच्या पायाखालून गेली असती ती.

इर्मा: गप्प बस जरा. निळं पाणी दे. चिंधी दे. दारू... हं. गोळी.

तौनो: ताई, बास कर. तुझे ओठ निळे पडलेत. काकांच्या थर्मासमध्ये कॉफी आहे, ती घे घोटभर. बसून बोलू आपण. तुला दुसरं पिल्लू आणून देतो. हॅनकॉक गावात एकाकडं आहेत, त्याच जातीची. मी स्वतः जाऊन—

इर्मा: पिल्लू! पुन्हा तो शब्द काढलास तर हा गज तुझ्या डोक्यात घालीन.

आर्विद: भांडणाऱ्याला मी इथं बार काढू देत नाही. बंदूक हातात आहे, इर्मा.

इर्मा: चुकलं काका. झाले मी शांत. काढते.

आर्विद: हं. तिथंच. पहिलीच्या शेजारी, दोन बोटं सोडून.

इर्मा: अजून एक.

तौनो: अजून कशाला? खाली लागतेय, समजलं. मी तेच सांगत होतो, थंडीत चालत नाही!

इर्मा: तू सांगत होतास, एक इकडं नि एक तिकडं जाते. ही तर कुठंच जात नाहीये. टोपी दे. दे म्हटलं ना.

आर्विद: ...पहिलीला चिकटून. तिन्ही एका बशीखाली झाकतील.

तौनो: खालीच ना? दीड फूट खालीच!

आर्विद: खालीच. दारू गारठली की जोर कमी पडतो. पडते गोळी. पण पडायची तिथंच पडते. बंदूक चांगली आहे. तुझ्या वडिलांनी चांगली घेतली होती.

इर्मा: थांबा काका. मला जरा विचार करू द्या... जुलैत मधोमध. आज दीड फूट खाली. रेकूला लागली खांद्यात. मग गुरुवारी माशी कुठं होती? सांग ना. खांद्याच्या दीड फूट वर. पाठीच्या वर, मोकळ्या हवेत. कुत्र्यावर नेम धरणारा माणूस हवेत नेम का धरेल, तौनो?

तौनो: मी नव्हतोच—

इर्मा: पुन्हा म्हण! काकांसमोर पुन्हा म्हण, बार काढलाच नाही!

तौनो: दे ती बंदूक, पुसून ठेवतो.

इर्मा: दोनच गोष्टी होऊ शकतात. एक, थंडीत किती पडते ते तुला माहीत होतं, आणि तू मोजून मारलास. दुसरी, माहीत नव्हतं. कुठली? मी त्यासाठी आलेय इथं. मला दुसरं काहीही नको आहे. कुठली?

तौनो: माहीत नव्हतं गं! आईची शपथ, माहीत नव्हतं. थंडीत मी कधी शंभराच्या पुढं मारलीच नाही. तीन दिवस तो माझ्या मचाणाखालून हरणं पळवत होता. तीन दिवस! शिकारीचा सीझन केवढा असतो आपला, दहा दिवसांचा. म्हटलं पाठीवरून घालवावी, आवाज होईल, मागं बर्फ उडेल, घाबरून पळेल घरी. चांगली वर धरली होती मी. असेल दीड फूट.

इर्मा: बांधून ठेव म्हणून सांगता येत नव्हतं?

तौनो: दोनदा सांगितलं होतं तुला. तू म्हणालीस, रान तुझ्या एकट्याचं नाही.

इर्मा: नाहीच आहे! तू मला तिसऱ्यांदा सांगायचं होतंस. दारावर येऊन ओरडायचं होतंस. चार दिवस झाले, तौनो! चार दिवस तू माझ्या टेबलावर बसून कॉफी प्यायलास. थंडीत जमीन फुटेना म्हणून पहार घेऊन आलास, माझ्याबरोबर त्याचा खड्डा खणलास! आणि वर काय सांगितलंस? ओनीची गाडी दिसली होती तळ्याच्या रस्त्याला. मी त्या बिचाऱ्याच्या दारात गेले. त्याच्या बायकोसमोर, पोरांसमोर त्याला काय काय बोलले! तो नुसता उभा राहिला, टोपी हातात घेऊन. आता कुठल्या तोंडानं जाऊ त्याच्याकडं?

तौनो: मी जातो. मी सांगतो ओनीला.

इर्मा: तू जाशीलच. आजच जाशील. आणि काका तुझ्याबरोबर येतील, तू नक्की काय सांगतोस ते ऐकायला.

आर्विद: येईन. आधी फळी आणतो. तुम्ही दोघं... बंदूक रिकामी आहे ना? बरं.

(आर्विद काका खाणीच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागतात.)

तौनो: ताई, गोळी खाली पडली ह्यात माझा दोष आहे का? तूच बघितलंस आत्ता. थंडीनं पडली.

इर्मा: गोळीचं मी मानते. वर धरलीस, तेही मानते. तू खोटारडा आहेस, पण कुत्रे मारणारा नाहीस, एवढं ओळखते मी तुला.

तौनो: मग?

इर्मा: डॉक्टरीण म्हणाली, तो लगेच गेलेला नाही. तासभर तरी होता. घरी आणला असता तर कदाचित, असंही म्हणाली. तू वर बसला होतास ना तो तासभर?

तौनो: ...होतो.

इर्मा: उतरला का नाहीस?

तौनो: तू काय म्हणशील, ते डोक्यात आलं. म्हटलं, उठेल. नुसतं खरचटलं असेल. उठेल नि जाईल घरी.

इर्मा: तो घरी येत नव्हता, तौनो. मी बर्फ बघितलंय. फरफटत आलेली खूण घराकडं नव्हती, उलटी होती, तुझ्या मचाणाकडं. चार दिवस मला कोडं पडलंय. घर सोडून तो तिकडं कशाला जाईल?

तौनो: मी दिसलो असेन त्याला.

इर्मा: म्हणजे?

तौनो: बार झाला तेव्हा त्यानं वर बघितलं. ओळखलं त्यानं मला. मग निघाला माझ्याकडं. थोडा यायचा, थांबायचा, परत यायचा.

इर्मा: आणि तू काय केलंस?

तौनो: मी हललो नाही, ताई. म्हटलं, नाही हललो तर त्याला वाटेल, इथं कुणी नाही.